पायऱ्यांखालची खोली

कागद तिला लांबूनच दिसला. छातीइतक्या उठलेल्या भिंतीच्या कोपऱ्यावर, कालच बसवलेल्या चिऱ्यावर, खळ लावून डकवलेला; एक कोपरा सुटला होता आणि वारा तो उचलून उचलून पाहत होता. फिर्याल पायऱ्या उतरत होती. वरच्या रस्त्यापासून बागेपर्यंत एकशे बारा पायऱ्या, आणि साठी ओलांडल्यापासून ती त्या मोजत उतरायची. सत्तराव्या पायरीच्या आसपास कागदाची लाल किनार डोळ्यांत भरली आणि मोजणी चुकली. अठ्ठावीस वर्षं ती लाल किनार तिच्या टेबलावर गठ्ठ्यांनी पडलेली असायची. तिचा रंग बोटांना लागायचा, जेवताना भाकरीलाही लागायचा. उरलेल्या पायऱ्या ती न मोजता उतरली, मुळ्याच्या वाफ्यातून सरळ चालत गेली, चपलेखाली दोन रोपं चिरडली, आणि भिंतीपाशी उभी राहिली. चष्मा घरी राहिला होता. पण हे वाचायला तिला चष्मा लागत नव्हता. ‘सदर बांधकाम विनापरवाना असून मालकाने ते सात दिवसांच्या आत स्वतःच्या हाताने काढून टाकावे.’

वाक्य तिचं होतं.

ती एकतीस वर्षांची असताना एका दुपारी ते जमून आलं होतं. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातला पंखा बंद होता, मानेवरून घाम ओघळत होता आणि खात्याच्या मुख्याधिकाऱ्यांनी जुना नमुना तिच्यापुढे टाकला होता. पाऊण पान लांब, कलमांवर कलमं, वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळायचं नाही की पाडायचं कोणी. तिने ते सगळं खोडून एका ओळीत आणलं होतं. मुख्याधिकाऱ्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि म्हणाले, “‘स्वतःच्या हाताने’ हे झकास आहे, फिर्याल. बोलायला जागाच राहत नाही.” त्या संध्याकाळी ती घरी जवळजवळ पळत गेली होती. आई बाकल्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिने वाक्य ऐकलं, एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि विचारलं, “आणि नाही काढलं तर?” फिर्याल हसली होती. “काढतात, आई. सगळे काढतात.” आणि खरंच काढायचे. गच्चीवर चढवलेलं स्वयंपाकघर, लग्न ठरलेल्या मुलासाठी वाढवलेली खोली, म्हाताऱ्या सासऱ्यासाठी अंगणात बांधलेला संडास. एकदा एक बाई खिडकीपाशी आली होती. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. नखांत कणीक वाळलेली होती. “बाई, कुठल्या हाताने पाडू? उजव्या, का डाव्या?” चेष्टा नव्हती, ती खरंच विचारत होती. फिर्यालने तिच्या डोक्यावरून मागे रांगेकडे पाहत म्हटलं होतं, “पुढचा कोण?”

आता तोच कागद तिच्यासमोर फडफडत होता आणि पुढचा नंबर तिचा होता.

“सित्त फिर्याल! काय वाचतेस एवढं? कोणी लग्नाची मागणी घातली की काय?” ‘सित्त’, म्हणजे बाईसाहेब, अशी हाक मारत उम्म नाईफ वरून ओरडत येत होती. तिच्या एका हातात पाण्याचा डबा होता, दुसऱ्या हातात ओढणीच्या टोकात बांधलेले हिरवे बदाम. रुंद अंगाची, मोठ्या आवाजाची, सात मुलांची ही बाई या बागेची पहिली माणूस होती. सात वर्षांपूर्वी ही जागा म्हणजे वरच्या गल्ल्यांची कचराकुंडी होती. उम्म नाईफने एका सकाळी फावडं घेऊन एक कोपरा साफ केला आणि मुलुखिया या पालेभाजीचं बी टाकलं. मग दुसरी बाई आली, तिसरी आली. मग पुरुष आले आणि सल्ले देऊ लागले. आता सव्वीस घरांचे वाफे होते, आणि तरी बायका दुपारी बाराच्या आत निघून जायच्या, कारण एकशे बारा पायऱ्या चढून घरी गेल्याशिवाय त्यांना बसायला जागा नव्हती. बसायला म्हणजे कशाला, हे उम्म नाईफने पहिल्याच बैठकीत सगळ्या पुरुषांसमोर सांगितलं होतं, “तुम्हाला भिंत पुरते. आम्हाला खोली लागते.” पुरुषांनी माना खाली घातल्या होत्या आणि खोलीचं ठरलं होतं. सहा मीटर बाय चार. अवजारांना एक कोपरा, चहाला एक ओटा, पावसाळी थंडीत सगळ्यांना बसायला एक लांब बाक, आणि मागे, आडोशाला, संडास. नकाशा फिर्यालने काढला होता. बैठकीत कोणीतरी विचारलं होतं, परवानगी लागते का? आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले होते. ती त्या खात्यात मुरलेली बाई होती. ती म्हणाली होती, “एवढ्याशा खोलीला लागत नाही.”

ते खोटं होतं. आयुष्यात ती फारशी खोटं बोलली नव्हती. ज्यासाठी खोटं बोलावं असं काही तिला कधी हवंच नव्हतं. तेव्हा मात्र ते शब्द इतके सहज बाहेर पडले की ती स्वतःच दचकली होती. परवानगी लागते, हे तिला माहीत होतं. ती मिळणार नाही, हेही माहीत होतं, कारण ही जागा कुठल्याच नोंदवहीत नव्हती. नकाशात दोन जिन्यांच्या मधे एक पांढरा ठिपका होता आणि ठिपक्याला परवानगी देता येत नाही. त्या रात्री ती घरी गेली, दिवा लावला, स्वयंपाकघरात फ्रीज घुरघुरत होता, आणि तिला वाटलं होतं की आता लाज वाटेल. वाटली नाही. तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि नकाशातली खिडकी पश्चिमेला सरकवली.

“काय लिहिलंय?” उम्म नाईफ धापा टाकत शेजारी उभी राहिली. तिला वाचता यायचं, पण सरकारी कागद वाचणं ती अपमान समजायची.

“पाडा म्हणून लिहिलंय. सात दिवसांत.”

“कोणी?”

“आपणच.”

“आपण कशाला पाडू? आपण तर बांधतोय!” मग तिच्या कपाळावर आठी चढली. “थांब. तू तर म्हणालीस परवानगी लागत नाही.”

“खोटं बोलले.”

उम्म नाईफने डबा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग येताना फिर्यालने पाहिला, हळूहळू, तव्यावर भाकरीला डाग पडावेत तसा. “सव्वीस घरांची माणसं पाठीवर दगड वाहतायत तुझ्या खोट्यावर! का?”

“खरं बोलले असते तर तुम्ही अर्ज करत बसला असता. आणि मला खोली हवी होती.” हे बोलताना तिचा आवाज चढला. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. नोकरीभर ज्या आवाजात ती बोलली होती तो सपाट होता, इस्त्री केलेला.

उम्म नाईफने ओढणीची गाठ सोडून एक बदाम दातांत फोडला. “जगात एवढ्या खोटारड्या बायका आहेत,” ती म्हणाली, “आणि आम्हाला मिळाली ती सरकारी. असू दे. आता तिथे जा आणि तुझ्या ओळखीने हे मिटव.”

पण फिर्यालला ते नको होतं. पहिले दोन दिवस प्रत्येक जण तिला तेच सांगत राहिला. वरच्या गल्लीतला न्हावी म्हणाला, सित्त, एक फोन कर. मशिदीपाशी कोणी म्हणालं, तुझ्या हाताखालची माणसं आता साहेब झालीयत, त्यांना काय कठीण. ती मान हलवायची आणि घरी जायची. ओळखीने खोली वाचली तर ती ओळखीची खोली होईल, असं काहीसं तिच्या मनात घोळत होतं, पण तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं की त्या खिडकीपाशी जाऊन ‘एवढं करा’ म्हणायचं, तर आपल्या मागे रांगेत त्या सगळ्या उभ्या दिसणार होत्या, कणकेच्या हातांच्या, आणि त्यांना कोणी फोन करायला नव्हतं. बिछान्यावर पडल्यावर तिला आपले तळहात जड वाटायचे. ती ते चादरीबाहेर काढून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी अबू गालिब भिंतीपाशी एकटाच बसलेला सापडला. तो गवंडी, पंचाहत्तरीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण ओळंबा न लावता भिंत सरळ उठवायचा. सगळ्या खोलीचे चिरे त्यानेच बसवले होते. बाकीच्यांनी नुसते वाहून आणले. तो थापीच्या पात्याने कागदाची कडा खरवडत होता.

“असाच एक माझ्याकडे आला होता,” तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. “मुलासाठी, गालिबसाठी, गच्चीवर खोली चढवली होती. त्याचं लग्न ठरत होतं. सात दिवस लिहिलं होतं. मी पाचव्या दिवशीच काढली. माझी भिंत दुसऱ्या कोणी पाडलेली मला बघवली नसती. गालिब जिन्यात उभा राहून बघत होता. खोली नाही म्हटल्यावर मुलीकडच्यांनी नाही म्हटलं. मग तो आखातात गेला. तिकडेच आहे.” थापी थांबली. “त्याने मला दोष दिला नाही कधी. दिला असता तर बरं झालं असतं. कागदाला दोष देता येत नाही, बहिणी. कागदावर माझाच हात लिहिला होता.”

चिऱ्यांच्या ढिगावर फिर्याल बसली. दगड उन्हाने तापले होते आणि ते तापणं अंगात चढत गेलं. खालच्या वाफ्यांतून पुदिन्याचा वास येत होता. काहीही न बोलता ती उठून जाऊ शकली असती. कोणाला कधी कळलं नसतं, त्या ओळीखाली कोणाचं नाव नव्हतं.

“ते वाक्य मी लिहिलंय,” ती म्हणाली. “अबू गालिब, ते शब्द माझे आहेत. एकतीस वर्षांची होते. मला शाबासकी मिळाली होती.”

पलीकडच्या डोंगरावर कोणीतरी गालिचा झटकत होतं; म्हातारा तिच्याकडे वळला. त्याचा चांगला डोळा तिच्यावर होता आणि तिने आपली नजर हलू दिली नाही. त्याने शिवी दिली असती तर तिने घेतली असती, थापी फेकली असती तर तीही.

“वाक्य चांगलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “माझ्यासारख्याने पाळलं.” मग थापी मांडीवर पुसून: “आता दुसरं लिही.”

दुसरं वाक्य तिला सुचलं नाही. पण त्या दुपारी वाफ्यांना पाणी घालताना, डबा भरून वाहून पायांवर पाणी पडत होतं तेव्हा, तिला आईचा प्रश्न ऐकू आला, शेंगा सोलण्याच्या आवाजासकट. आणि नाही काढलं तर? ती तशीच उभी राहिली. नाही काढलं तर अंमलबजावणीची तुकडी यायची. तुकडी म्हणजे चार माणसं. दरवर्षी हातमोज्यांच्या मागणीपत्रावर तिचीच सही असायची: चार जोड. चार माणसं, एक ट्रक, एक यंत्र, आणि शहरात तेरा डोंगर. यंत्र पायऱ्या उतरू शकत नव्हतं. निम्मं शहर पायऱ्यांवर होतं. म्हणून तर, आता तिला लख्ख दिसलं, म्हणून तर मुख्याधिकाऱ्यांना ते दोन शब्द इतके आवडले होते. नगरपालिकेकडे हातच नव्हते. लोकांचे उसने घेतले होते. अठ्ठावीस वर्षं तिने एका रिकाम्या बाहीचा वचक बसवला होता, आणि तिची आई, जिला आकडेमोडसुद्धा येत नव्हती, तिने ते पहिल्या संध्याकाळी विचारलं होतं. फिर्याल हसू लागली. हसता हसता तिला खोकला आला. उम्म नाईफ शेजारच्या वाफ्यातून म्हणाली, “संपलं. डोक्यावर ऊन चढलं बाईच्या.”

“कोणी एक दगड हलवायचा नाही,” फिर्याल म्हणाली. “काढायला नाही. लावायला हलवा. किती लावता येतील तेवढे लावा.”

पुढच्या चार दिवसांत भिंती डोक्याच्या वर गेल्या.

आठव्या दिवशी सकाळी नऊला ते आले. पुढे हैथम होता. फिर्यालच्या हाताखाली तो सहा वर्षं होता. नस्तीवर टाचणी कुठे लावायची हे तिने त्याला शिकवलं होतं. आता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्याच्यामागे खांद्यावर घण घेतलेले दोन मजूर. फिर्यालने घरून आणलेली खुर्ची दाराच्या मोकळ्या जागेत ठेवली होती आणि ती तिच्यावर बसली होती. बागेत सगळे होते, पण कोणी घोळका केला नव्हता. प्रत्येक जण आपापल्या वाफ्यावर वाकलेला, जणू आजच सगळ्या तणांना ऊत आला होता.

“सित्त,” हैथम म्हणाला. त्याने टोपी काढली. “मला आधी माहीत नव्हतं तुम्ही इथे आहात म्हणून.”

“आता आहे. दोघंच कसे? चार असायचे.”

“एक निवृत्त झाला. एकाची पाठ धरलीय.” तो नकळत उत्तर देऊन गेला आणि मग वरमला. “सित्त, उठा. मला लाजवू नका.”

“तू तुझं काम कर. मी माझं करतेय.”

“बसणं हे काय काम आहे?”

“निवृत्त बाईला दुसरं काय असतं?”

त्याने मजुरांकडे पाहून मान हलवली. ते उत्तरेच्या कोपऱ्याकडे गेले, दारापासून सगळ्यात लांबच्या. पहिला घाव बसला आणि फिर्यालच्या दातांपर्यंत हादरा आला. दुसरा. तिसऱ्याला चुन्याची धूळ उडाली, तिच्या केसांवर बसली, ओठांवर चव आली, कडू, खारट. ती हलली नाही. तिला भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जुनं, न वापरलेलं, कपाटात घडी घालून ठेवलेल्या वस्त्रासारखं ताठ. चिरा हलत नव्हता. लहान चणीचा मजूर घण टेकवून दम खाऊ लागला.

“अरे, सकाळी काही खाल्लंस का?” उम्म नाईफ वाफ्यातून म्हणाली. “घण तुझ्यापेक्षा जड दिसतोय.”

“तिथे नको मारू,” अबू गालिब बसल्या जागेवरून म्हणाला. “तिथे मी सांधा दुहेरी केलाय. वरच्या थराला मार, तो कालचा आहे, अजून ओला आहे.” मजुराने गोंधळून हैथमकडे पाहिलं. वाफ्यांतून कोणीतरी हसलं, मग दुसरं कोणी, आणि ते हसू बागभर पसरत गेलं. मजुरालाही हसू आलं. त्याने ते खांद्याला पुसलं आणि वरच्या थराला घाव घातला. तो थर पडला. त्याखालचा पडला. अबू गालिबचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण त्याचा हात मांडीवर थापी शोधत होता, हे फिर्यालला दिसलं. दुपारच्या अजानपर्यंत उत्तरेचा कोपरा कमरेइतका खाली आला आणि मजुरांचे शर्ट पाठीला चिकटले. बाकी तीन कोपरे उभे होते. मजुरांनी घण खांद्यावर टाकले, वर पायऱ्यांकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि चढू लागले. हैथम राहिला. त्याने पिशवीतून अहवालाचा कागद काढला.

“पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल,” तो हळूच म्हणाला. “सित्त, ऐका. मालकाच्या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहितो. जागा कोणाच्या नावावर नाहीच. म्हणजे कोणाला काही होणार नाही.”

तो भल्यासाठीच सांगत होता. त्याच्या वयाची असताना तिनेही असंच केलं असतं आणि रात्री शांत झोपली असती. पण अज्ञात मालकाचं काय होतं हे तिला माहीत होतं. त्याला कोणी बोलावत नाही. त्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही. त्याची भिंत केव्हाही पडते. नाव असलेल्या माणसाला मात्र आधी कोर्टात बोलवावं लागतं, आणि तोवर घण खाली ठेवावा लागतो.

“अज्ञात कशी? समोर बसलेय,” ती म्हणाली. “माझं नाव लिही.”

“तुमच्यावर खटला होईल.”

“होऊ दे.”

“तुम्ही अठ्ठावीस वर्षं...”

“म्हणूनच म्हणते. लिही, हैथम. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि खाली लिही, मालक पाडायला नकार देतो.”

“त्याला रकाना नाही.”

“समासात लिही. ‘देतो’ नको. ‘देते’ लिही.”

त्याने लिहिलं. त्याचं अक्षर अजून उजवीकडून खाली घसरायचं. कागद घडी करताना त्याने एकदा उत्तरेच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि उम्म नाईफने पुढे केलेले मीठ लावलेले दोन बदाम घेऊन पायऱ्या चढू लागला.

तो गेला तेव्हा कुठे फिर्यालला उठता आलं. पायांना मुंग्या आल्या होत्या. ती उत्तरेच्या कोपऱ्यापाशी गेली, खाली पडलेला एक चिरा तिने दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. उचलला गेला नाही. अबू गालिब म्हणाला, “सरक,” आणि मग न्हावी आला, उम्म नाईफचा नवरा आला, आणि सूर्य पश्चिमेच्या खिडकीत येईपर्यंत कोपरा पुन्हा खांद्याला लागला होता. त्यानंतरच्या आठवड्यात तुकडी आली नाही. त्यानंतर छप्पर चढलं, पत्र्याचं, मग त्यावर माती, आणि मातीवर कोणीतरी न विचारताच पुदिना लावला. मागच्या आडोशाला संडास झाला, आणि ज्या दिवशी तो झाला त्या दिवशी बायका संध्याकाळपर्यंत खालीच राहिल्या. पुरुषांना घरी भाकरी वाढायला कोणी नव्हतं. काही जण कुरकुरले. त्यांना खालीच बोलावून खायला घालण्यात आलं.

समन्स एका गुरुवारी आलं. दार बसवायचं चाललं होतं. कोणाच्या तरी जुन्या घरातलं अक्रोडी लाकडाचं जड दार, चौकटीपेक्षा दोन बोटं रुंद भरल्यावर अबू गालिबने रंधा मारून घेतलेलं. पोस्टमन एकशे बारा पायऱ्या उतरून आला आणि घाम पुसत त्याने नाव मोठ्याने वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि त्यापुढे ‘मालक’. तेवढ्यापुरती सगळी बाग थांबली. फिर्यालने सही केली. लिफाफा फोडला. या वेळी चष्मा होता. चौदा तारीख, सकाळी दहा, दुसरं दालन. खाली तिचंच जुनं वाक्य छापलेलं होतं आणि तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

“तुरुंगात टाकतील?” उम्म नाईफने विचारलं. तिने दाराची खालची बाजू छातीशी धरली होती आणि तिचा चेहरा लाकडाआडून अर्धाच दिसत होता.

“बघू.”

“काय विचारतील?”

“विचारतील, सात दिवसांत काढलं का नाही?”

“मग? काय सांगशील?”

फिर्यालने कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली, पर्स बाकावर टाकली. “सांगेन,” ती म्हणाली, “सवड झाली नाही. दार बसवत होतो.”

“बोलणं नंतर,” अबू गालिब शिडीवरून खेकसला. “वरची बिजागरी लावतोय. हात लावा दोघी. जड आहे.”

तिने बाह्या वर केल्या, दाराच्या मोकळ्या कडेखाली खांदा घातला आणि उचललं.